तुम्हीच नाही म्हणा

फोनवर बाबांचा आवाज घोगरा आला तेव्हा उत्तराला वाटलं, सर्दी झाली असेल. तिने आपलं नेहमीचं सांगितलं, गुळण्या करा, हळद घालून दूध घ्या. मग त्या फाटक्या आवाजात ते म्हणाले, "गुळण्यांनी जाणारा नाही हा. रविवारी येतेस का मिरजेला?"

डॉ. अच्युत हेर्लेकर कुणाला "येतेस का" असं विचारणाऱ्यांपैकी नव्हते. कोल्हापूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीने रविवारची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशीचे तास दुसऱ्यावर सोपवून ती निघाली.

ते व्हरांड्यात बसले होते. समोर रिकामा कप, आणि कपाच्या कानाला काळ्या रेशमी दोऱ्याच्या गाठी. ही त्यांची जुनी खोड. वेल्लोरला छातीची शस्त्रक्रिया शिकत असताना लागलेली. हात रिकामा असला की दोरा घ्यायचा आणि समोर जे असेल त्याला गाठी मारत बसायचं, एका हाताने, न बघता. उत्तराच्या लहानपणी कपाटांच्या मुठींना, खुर्च्यांच्या हातांना, अगदी देव्हाऱ्याच्या कडीलासुद्धा दोरे लोंबत असायचे. "घराला टाके घातलेत यांनी," असं म्हणत आई भाजीची कात्री घेऊन ते कापत फिरायची. आई गेल्यापासून दोरे कुणी कापत नव्हतं.

"हे बघ." गळ्याच्या खळगीखाली त्यांनी बोटाने एक कमान काढली. "महाधमनी हृदयातून निघून इथवर वर येते, वळते आणि पाठीकडून खाली जाते. स्वरयंत्राची डावी नस या वळणाखालून जाते. गळ्यातच जायचं तिला, पण आधी छातीत उतरते, धमनीला वळसा घालते आणि परत वर येते. सांगलीहून मिरजेला यायला कराडवरून यावं तसं. माझी धमनी बरोबर त्या वळणावर फुगलीय. फुग्याने नस दाबली, आवाज गेला."

"तपासणी कधी केलीत?"

"केली नाही. तुझ्याशी फोनवर बोलताना माझं मलाच ऐकू आलं."

तपासणी झाली तेव्हा त्यात नवीन असं काही निघालं नाही.

बाबांची सगळी हयात ज्या रुग्णालयात गेली तिथेच ते रुग्ण म्हणून गेले. हृदय आणि छातीच्या विभागाचा प्रमुख आता फैजल मुजावर होता, त्यांचा शेवटचा विद्यार्थी. त्याने पडद्यावर सरांचं हृदय उभं केलं. ते हळूहळू धडधडत होतं, आणि वरच्या वळणावर धमनी पिकल्या पेरूसारखी टम्म फुगली होती.

"बराच मोठा झालाय, सर."

"दिसतंय. मुका झालोय, आंधळा नाही. काय करशील?"

"वळण कापून काढायचं, कापडी नळी बसवायची. अंग थंड करून, रक्त थांबवून. तुम्ही शिकवलंत तसं."

"मला झेपेल?"

"किडनी, फुफ्फुसं, सगळं उत्तम आहे. झेपेल."

"मग कर की."

फैजलने मान खाली घातली. "धाकट्या सरांना विचारावं लागेल."

धाकटे सर हे नाव रुग्णालयातल्या नर्सेसनी ठेवलेलं. कागदोपत्री त्या यंत्रणेला लांबलचक सरकारी नाव होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. स्कॅनच्या चित्रांवरून ती रुग्णाच्या हृदयाची हुबेहूब नक्कल बनवायची, त्या नकलेत रक्त खेळवायची आणि तिच्यावर तीच शस्त्रक्रिया हजारो वेळा करून बघायची. कुठे गळेल, कुठे फाटेल, हे खरी छाती उघडण्याआधी कळायचं. पण ती बनवणारे इंजिनियर मिरजेला आले तेव्हा हेर्लेकर सरांनीच त्यांना सांगितलं होतं, "हृदय काय, शिवता येतं. माणूस टिकणार की नाही हे हृदयात लिहिलेलं नसतं."

इंजिनियरांना ते पटलं. सरांनी ज्यांना "हो" म्हटलं ते रुग्ण सहसा दगावत नसत, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून त्या लोकांनी यंत्राला सरांची पारख शिकवायचं ठरवलं. त्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी यंत्राला दिल्या. सर फार बारकाईने लिहीत. रुग्ण कसा चालत आला, सोबत कोण होतं, घरी कोण असतं, विचारलेल्या प्रश्नाला स्वतः उत्तर देतो की मुलाकडे बघतो. आणि शेवटी निर्णय. नकार असेल तर ठरलेलं एकच वाक्य: शस्त्रक्रिया झेपणार नाही.

यंत्र शिकलं. राज्यभरच्या रुग्णालयांत बसलं. टेबलावर दगावणाऱ्यांची संख्या झपाट्याने उतरली, तेव्हा आधी विमा कंपन्यांनी आणि मग सरकारने त्याचा होकार सक्तीचा केला. फासळ्यांमधल्या बारीक छिद्रांतून आत जाणारे यांत्रिक हात त्या होकाराशिवाय जागचे हलत नसत. नकार सांगायचं कामही त्याच्याकडेच गेलं. हेर्लेकर सरांच्या तोंडून ऐकलेली "नाही" नातेवाईक शांतपणे घेत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून निवृत्त होताना सरांना काचेच्या खोलीत बसवून त्यांचा आवाजही घेतला होता.

नातेवाइकांच्या खोलीत उत्तरा बाकावर बसली. बाबा शेजारी. भिंतीतून आवाज आला.

"या, बसा. चहा घेतला का?"

हा बाबांचा खरा आवाज होता, भरदार, थोडा अनुनासिक, तिने कित्येक आठवड्यांत न ऐकलेला.

"मी सगळ्या बाजूंनी विचार केला," आवाज म्हणाला. "ऑपरेशन झेपणार नाही. यात तुमचा कुणाचा दोष नाही. घरी न्या, आवडीचं करून घाला."

बाबांनी मान हलवून दाद दिली. "बरा बोलायचो की मी," ते कुजबुजले.

फैजल कारणं घेऊन आला. सरांच्या नजरेला नजर न देता त्याने ती वाचली. हृदय, फुफ्फुस, रक्त, कशातच अडचण नव्हती. पारडं फिरलं होतं ते वेगळ्याच गोष्टींनी. वय सत्तरीपुढे. जोडीदार हयात नाही. एकटे राहतात. मूल दुसऱ्या गावी. प्रश्नांना त्रोटक उत्तरं, स्वतःच्या दुखण्याची थट्टा.

"अशा रुग्णांना तुम्ही नाहीच म्हणायचात, सर. जवळजवळ दर वेळी."

"मी बाबांना कोल्हापूरला घेऊन जाते," उत्तरा म्हणाली. "आजच. मग एकटे कुठे राहिले?"

"पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच धरतो तो, ताई. नंतर लोक खोटं सांगतात म्हणून."

बाबांच्या बोटांत दोरा होता. बाकाच्या दांड्याला त्यांनी अर्धी गाठ मारली होती. ती तशीच राहिली.

"फैजल," ते म्हणाले, "त्या 'नाही' माझ्या नव्हत्या रे."

मग त्यांनी सांगितलं. आवाज नव्हता, त्यामुळे दोघांनाही त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागत होता.

कवठेपिरानच्या हौसाबाई चौगुले. झडप बदलायची होती, सरळ काम होतं. मुलगा बाहेर हात जोडून उभा. तपासताना खोलीत दोघंच असताना बाई म्हणाली, "डाक्टर, मला नको हे. मालक गेलं, नातवंडं बघितली. माजं झालंय. पर आमचं पोरगं ऐकायचं न्हाई. मी नको म्हटलं तर जन्मभर मनाला लावून घील. तुमीच न्हाई म्हणा." आणि त्यांनी म्हटलं. बाहेर येऊन बाकावर मुलाशेजारी बसले, चहा घेतला का विचारलं, आणि म्हणाले, झेपणार नाही. मुलगा रडला आणि पाया पडून आईला घेऊन गेला.

"एक हौसाबाई नव्हे," बाबा म्हणाले. "अशी कितीतरी म्हातारी माणसं. विधवा, विधुर, एकेकटी. सगळ्यांची वेगळी तऱ्हा, पण मागणं एकच. तुम्हीच नाही म्हणा. आणि मी प्रत्येकाला शब्द दिला की कुणाला कळणार नाही. म्हणून लिहिलंही नाही."

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या उत्तराला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. यंत्राला या माणसांची इच्छा दिसलीच नव्हती. त्याला फक्त त्यांचं एकटेपण दिसलं, वय दिसलं, आणि शेवटी "झेपणार नाही" दिसलं. त्यावरून त्याने नियम बांधला. नियम खरा की खोटा हे तपासायला गेलं तर नाकारलेली माणसं खरोखरच मेलेली. मरणारच होती, उपचार झाला नाही म्हणून.

"वर्गाबाहेर बसवलेली मुलं नापास झाली," ती फैजलला म्हणाली, "म्हणजे त्यांना बाहेर बसवलं ते बरोबरच, असं म्हणण्यासारखं आहे हे. आणि गेली कित्येक वर्षं तो स्वतःच नाही म्हणतोय. तीही माणसं गेली. तीही त्याच्या हिशेबात पुरावा म्हणून जमा झाली."

राज्यभरची किती एकटी म्हातारी माणसं असल्या बाकांवरून घरी गेली असतील, याचा विचार तिघांच्याही मनात एकाच वेळी आला असावा. कारण तिघांनीही एकदम भिंतीकडे पाहिलं.

"आणि तुम्हाला?" उत्तराने विचारलं. "तुम्हाला हवंय का, बाबा?"

"हो गं." ते ओशाळल्यासारखे हसले. "तुझी आई गेली तेव्हा वाटलं होतं, आता आपणही 'नको' म्हणणाऱ्यांतले होऊ. नाही झालो. सकाळचा चहा अजून चांगला लागतो."

एक वाट होती. यंत्राला पुन्हा शिकवायचं. जुन्या नकारांतले खरे कोणते आणि मागून घेतलेले कोणते, हे सरांनी एकेक करून वेगळं सांगायचं. ते दुसरं कुणी सांगूच शकत नव्हतं. फैजलने यंत्रावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवलं. समितीची हरकत नव्हती. फक्त कायदा असा होता की मृत रुग्णाची नोंद बदलली तर वारसांना कळवायचं. चांगलाच कायदा. रुग्णांच्या हक्कांसाठी लोकांनी भांडून मिळवलेला.

"दुसरीकडे कुठे हाताने करणारं कुणी?" उत्तराने विचारून पाहिलं.

"चेन्नईला एक म्हातारे सर्जन होते. गेल्या वर्षी वारले."

"तू?"

फैजलने आपले तळवे बघितले. "सरांच्या शेवटच्या उघड्या ऑपरेशनला मी फासळ्या ताणून धरल्या होत्या, ताई. एवढाच माझा हात छातीत गेलाय. मी यंत्र चालवतो. हौसेने सरांवर हात चालवला तर ऑपरेशन नाही होणार ते, खून होईल."

पहिली नोंद बाबांनी हौसाबाईंचीच बदलली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. बहुधा तीच सगळ्यांत जास्त आठवत होती.

त्याच आठवड्यात हौसाबाईंचा मुलगा, बाबासाहेब चौगुले, घरी आला. उत्तरा त्याला ओळखत होती. दर संक्रांतीला तो गुळाची ढेप घेऊन यायचा, डॉक्टरांच्या पायाशी ठेवायचा आणि चहा न घेता जायचा. आता त्याचेही केस पिकले होते. आज तो रिकाम्या हाताने आला होता. पाया पडला नाही. उभाच राहिला.

"कागद आलाय," तो म्हणाला. "त्येच्यात लिवलंय, आपरेशन करता येत हुतं. खरं हाय?"

बाबांनी मान हलवली.

"मग न्हाई का म्हणालासा?"

बाबा बोलले, पण आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. उत्तरा मध्ये उभी राहिली आणि बाबांचं एकेक वाक्य त्याला मोठ्याने सांगत गेली. आईची इच्छा होती. तिने शब्द घेतला होता. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

चौगुले ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आणि तो बदल उत्तराला पुढे फार दिवस विसरता आला नाही.

"म्हंजे आय मला सोडून जायला तयार हुती," तो म्हणाला. "मी भाईर हात जोडून हुबा, आन ती आत..." त्याने गळ्यातल्या उपरण्याने तोंड पुसलं. "सायेब, तुमच्या त्या न्हाईवर मी इतकी वर्सं निवांत झोपलोय वो. देवाच्या मनात नव्हतं म्हणून. आता काय म्हणून झोपू?"

"बसा ना," उत्तरा म्हणाली. "चहा..."

"नगं. दर वर्साला नगं म्हणत आलोय. आजच कशाला." दारात जाऊन तो वळला. "आमची म्हातारी तुमाला इश्वासानं बोलली हुती. तिचा तरी मोडायचा नव्हता."

तो गेल्यावर बाबांनी खिशातून दोरा काढला, खुर्चीच्या हाताला गाठ घालायला लागले आणि मध्येच सोडून दिला.

"बास," ते म्हणाले. "दुसरी नोंद नाही बदलायची."

"बाबा, एका नोंदीने काहीच होत नाही. शेकडो लागतील."

"म्हणूनच. शेकडो चौगुले."

"आणि पुढे येणारे? ज्यांना तुमच्यासारखं जगायचंय, त्यांना तुमच्याच आवाजात नाही ऐकावं लागणार, ते?"

वादात बाबा कधी हरत नसत, तिला लहानपणापासून माहीत होतं.

"तू बरोबर बोलतेयस," या वेळी ते म्हणाले. "पण ते माझ्यासमोर नव्हते गं. हौसाबाई होती."

उत्तरा चिडली. तिने फैजलला फोन केला. फैजलने समितीला विचारलं. डॉक्टरांनी स्वतः एकेक नोंद ओळखून दिल्याशिवाय काही करता येणार नाही, असं उत्तर आलं. ती दोन दिवस बाबांशी जेवढ्यास तेवढं बोलली. पुढे ते तिला सगळ्यांत जास्त सलत राहिलं. मग ती रजा टाकून मिरजेलाच राहिली. त्यांना आवडतं म्हणून आंबोळ्या केल्या. आईच्या गोष्टी निघाल्या. बाबा बोलायचे आणि ती कान नेऊन ऐकायची. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच ती बापाच्या इतक्या जवळ बसत होती.

थंडी सरत आली असताना एका सकाळी त्यांनी दुसरा कप चहा मागितला. ती आत गेली, आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेर आली तेव्हा ते खुर्चीत तसेच होते, मान थोडी कलती. फुगा फुटला की वेळ लागत नाही, हे त्यांनीच तिला सांगून ठेवलं होतं. दोऱ्याचं एक टोक पहिल्या कपाच्या कानाला होतं, दुसरं बोटात. उत्तराने चहा खाली ठेवला. आत जाऊन भाजीची कात्री आणली आणि दोरा त्यांच्या बोटापाशी कापला.

बाबांची थोरली बहीण इंदूआत्या इचलकरंजीहून आली. दिवसभर सगळ्यांना सावरत होती, चुलीशी उभी होती. पाहुणे पांगल्यावर उत्तराजवळ येऊन बसली.

"मी त्याला म्हटलं होतं गं, माझ्याकडे ये राहायला," ती म्हणाली. "दोन खोल्या रिकाम्याच आहेत. तो म्हणाला, इंदे, तुझ्या हातची आमटी खाऊन दोन दिवसांत मरेन. मी हसले. जोर धरायला हवा होता. एकटा राहिला म्हणून तर नाही ना काही... काही करता आलं असतं का गं?"

एकटे राहतात. यंत्राच्या कारणांत तिसऱ्या क्रमांकावर होतं ते. आत्याने जोर धरला असता, उत्तराने जोर धरला असता, तर कदाचित भिंतीने हो म्हटलं असतं.

आत्या तिच्या तोंडाकडे बघत होती. चौगुले बघत होता तशीच.

"नाही आत्या," उत्तरा म्हणाली. "काहीच करता आलं नसतं. ऑपरेशन झेपणारच नव्हतं त्यांना."

आत्याने डोळ्यांना पदर लावला, सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रात्री आत्याला झोप लागली.

कागदपत्रांसाठी उत्तराला रुग्णालयात जावं लागलं. काम झालं तरी ती निघाली नाही. नातेवाइकांच्या खोलीबाहेर एक बाक होता, त्यावर बसली. आत कुणीतरी होतं. दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. मग एक तरुण मुलगी एका म्हाताऱ्याला धरून बाहेर आली. म्हातारा मागे वळून वळून खोलीकडे बघत होता. "अगं, पण मी ठणठणीत हाय," तो मुलीला म्हणत होता. "तू तरी सांग त्येला."

उत्तराने मान खाली घातली. ती दोघं जाईपर्यंत वर काढली नाही.

फैजल तिच्याजवळ येऊन उभा राहिला. त्याला ती इथे का बसलीय ते कळलं असावं.

"ताई, आवाज बदलायला सांगू का? तुम्ही लिहून दिलंत तर आठवड्यात बदलतील. दुसरा कुणाचा तरी घालतील. नकार तोच राहील, पण निदान सरांच्या तोंडून नको."

हो म्हणायला हवं होतं. बाबांनाही तेच आवडलं असतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण घरात त्यांचा जुना आवाज कुठेच उरला नव्हता. फोनमध्ये होता तो सगळा शेवटचा, फाटका. पुरा आवाज जगात या एकाच भिंतीत होता.

"राहू दे," ती म्हणाली.

फैजल आपल्या कामाला गेला. आत पुढचं कुटुंब जाऊन बसलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग दाराच्या फटीतून बाबा म्हणाले, "या, बसा. चहा घेतला का?"

"घेतला, बाबा," उत्तरा बाहेरून म्हणाली.